डोणीतला गुलाबी जंतू

"मेलेल्या जंतूसाठी कुणी सुतक पाळतं का हो मॅडम?" असं मला स्टाफरूममध्ये हसत हसत विचारलं गेलं, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला आणि उठून गेले. उत्तर द्यायला लागले असते तर तोंडातून काय काय बाहेर पडलं असतं, सांगता येत नाही. माझी जीभ तिखट आहे हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे. त्या दिवशी गिळलं ते आज इथं सांगते, आणि कुणाला झोंबलं तर खुशाल झोंबू दे.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. नगरमधल्या एका खासगी संस्थेच्या कॉलेजात, तासिका तत्त्वावर. म्हणजे वर्गात उभी असेन तोवर मी प्राध्यापक, सुट्टी लागली की कुणी नाही. वय चाळिशीला टेकलं, तरी ऑफिसच्या लेखी मी 'तात्पुरती'च. सावेडीत भाड्याची एक खोली, जुनी स्कूटर आणि पीएच.डी.चं रखडलेलं काम, एवढा माझा संसार. लग्न का केलं नाही ते वेगळं पुराण आहे, ते इथं नको.

आई गावाकडे धाकट्या भावापाशी असते, जिल्ह्याच्या पूर्वेला, जिथं विहिरींना पाणी कमी आणि माणसांना पायपीट जास्त. तिचा सगळा जन्म ऊसतोडीत गेला. दिवाळी झाली की गाडी भरायची, कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या झोपडीत, राहायचं आणि उन्हाळ्यात पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परत यायचं. मी तशाच एका कोपीत जन्मले. माझ्या आधी एक मुलगा झाला होता आणि तो राहिला नाही, एवढंच मला माहीत होतं. त्याविषयी घरात कुणी कधी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. उत्तरेकडच्या बागायती पट्ट्यात बिबटे उसातच राहतात आणि उसातच पिल्लं घालतात. तोड आली की बाहेर पडतात, मग कुणाच्या विहिरीत पडतात, कुणाच्या शेतात लावलेल्या पिंजऱ्यात सापडतात. त्यातले जे पुन्हा जंगलात सोडण्यासारखे राहत नाहीत, त्यांच्यासाठी तिकडे एक निवारा केंद्र आहे. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांची मुलगी माझी विद्यार्थिनी होती. एका पावसाळ्याच्या अखेरीस त्यांचा फोन आला.

"मॅडम, आमच्या काही बिबट्यांना जुलाब लागलेत. पाण्यावर संशय आहे. तेवढं तपासून द्याल का? वर पाठवलं तर रिपोर्ट येईस्तोवर जनावर राहतंय का जातंय, काही सांगता येत नाही."

मी उकळून घेतलेल्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि एसटीनं गेले. प्रत्येक पिंजऱ्यात सिमेंटची कुंडी होती. शेवटच्या पिंजऱ्यात मात्र एक जुनी दगडी डोणी होती, गुरांना पाणी पाजायला वस्तीवर असते तशी. तिथली मादी म्हातारी, पुढचा एक पंजा कुठल्याशा फासात तुटलेला. सिमेंटच्या कुंडीला ती तोंडच लावायची नाही. शेवटी कुणाच्या तरी वस्तीवरून ही डोणी आणून करंजाच्या दाट सावलीत ठेवली, तेव्हा बाई पाणी प्यायली. तिला आतल्या खोलीत कोंडून मला पिंजऱ्यात सोडलं. गजांच्या पलीकडून ती अशी गुरगुरत होती की मी बाटली छातीशी धरून भिंतीला चिकटले. "घाबरू नका, तोंडानंच बोलती ती," डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, मीही तोंडानंच बोलते, पण लोक घाबरतात ना!

त्या डोणीच्या आतल्या कडेला पाण्याच्या रेषेवर एक पातळ, बुळबुळीत, गुलाबी साय धरलेली होती. ब्रशनं घासली तरी परत येते, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या कुठल्याच कुंडीत ती नव्हती. मी कापसाच्या बोळ्यानं थोडी टिपून घेतली. कशासाठी, हे तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

जुलाबाचं कारण दुसरंच निघालं. विहिरीच्या पाण्यात सांडपाणी झिरपत होतं. औषध टाकलं, पाइप बदलला, बिबटे बरे झाले, आणि डॉक्टरांनी मला पेरूची पिशवी पाठवून दिली. तिथं ते प्रकरण संपायला हवं होतं. पण ती गुलाबी साय माझ्या डोक्यातून जाईना.

लॅबमध्ये ते बेटं उगवायलाच तयार नव्हतं. माणसाच्या अंगाइतक्या उबेला ठेवलं, काही नाही. खायला चांगलंचुंगलं दिलं, तरी नाही. मी कंटाळून त्या प्लेटा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सारल्या आणि विसरून गेले. परीक्षा उरकल्यावर फ्रिज उघडते तर काय, प्लेटवर मोहरीपेक्षा बारीक गुलाबी ठिपके! मी तिथंच खाली बसले. याला ऊब नको होती, गारवा हवा होता. विहिरीचं पाणी, करंजाची सावली, थंड दगड. आपल्याकडचा उन्हाळा सोसायची त्याची तयारीच नव्हती. लॅबच्या खिडकीशी अर्धा दिवस प्लेट राहिली तरी मरायचं. एवढं नाजूक जनावर नगरसारख्या गावात जन्माला आलंच कसं, याचं मला हसू यायचं.

ओळख पटवायची रीत अशी असते, की जिवाणूच्या एका जनुकाची अक्षरं काढायची आणि आजवर जगात नोंदलेल्या सगळ्यांशी ती जुळवून पाहायची. चांगली जुळली तर जुनाच कुणीतरी, ठरावीक हद्दीच्या बाहेर गेली तर नवा. माझं काही कुणाशीच धड जुळेना. मला वाटलं, माझीच चूक, काहीतरी भेसळ झाली. पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच! मग फक्त त्याचा डीएनए पुण्याला पाठवून संपूर्ण कुंडली काढून आणली. तीही हेच म्हणाली. जगात कुणी न पाहिलेला, पुस्तकात नसलेला, एक नवा जीव माझ्या फ्रिजमध्ये बसला होता.

त्या संध्याकाळी मी स्कूटर काढली आणि काही काम नसताना दिल्ली गेटपर्यंत जाऊन आले. रस्त्यातल्या प्रत्येक माणसाला थांबवून सांगावंसं वाटत होतं. कुणाला सांगणार? आईला फोन लावला.

"आई, मला एक नवीन जंतू सापडला. अजून कुणाला माहीत नसलेला."

"कुटं? अंगात निघाला का काय?"

"अंगात नाही गं! बिबट्याच्या डोणीत."

"मंग दे टाकून! कशाला जवळ ठिवतीस?" आई घाबरलीच. मी समजावून सांगितलं की तो कुणाला काही करत नाही, आपला पाण्यात राहतो, आणि आता त्याला नाव द्यायचं आहे, सगळ्या जगात त्याच नावानं तो ओळखला जाईल. आई खुदकन हसली. "म्हंजी तुझ्या लेकराचं बारसं म्हन की! पोरीनं लगीन न्हाई केलं, पर बारसं घातलंच शेवटी." त्यानंतर दर फोनला तिचं ठरलेलं असायचं, "आगं, झालं का बारसं?"

मला त्याचं नाव डोणीवरून ठेवायचं होतं. लॅटिनमध्ये 'दगडी डोणीत राहणारा' असं. जो जिथं सापडला तिथलाच राहू दे, एवढीच माझी इच्छा. पण जिवाणूचं बारसं घरी पाळणा बांधून होत नाही. त्याला नियम आहेत. जिवंत जिवाणू दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहालयांत ठेवावा लागतो, कुणालाही मागता यावा म्हणून. ते झालं की मगच शोधनिबंध छापून येतो, आणि मगच नाव लागतं. नुसती कुंडली कागदावर असून चालत नाही, जीव जिवंत लागतो. आणि जिवाणू संग्रहालयाकडे धाडायचा तर कॉलेजच्या संमतीपत्रावर प्राचार्यांची सही लागते. इथंच माझी गाडी चिखलात रुतली.

प्राचार्यांना आधी फार आनंद झाला. केबिनमध्ये बसवून चहा दिला, तासिकावालीला पहिल्यांदाच. म्हणाले, "मॅडम, संस्थेचं नाव काढलंत. पण नावाचं म्हणाल तर डोणीबिणी नको. संस्थापकांची जयंती तोंडावर आलीय. कैलासवासी साहेबांचं नाव देऊन टाकू! अध्यक्षसाहेब खूश होतील, तुमच्याही कायम नेमणुकीचा विषय काढता येईल."

अध्यक्षसाहेब म्हणजे संस्थापकांचे चिरंजीव. कारखाना त्यांचा, पतसंस्था त्यांची, कॉलेज त्यांचं. मी म्हटलं, "सर, हा जंतू आहे. बिबट्याच्या पाण्यातला. नंतर कुणाला राग यायला नको."

"छे हो, विज्ञानात अजरामर होणं म्हणजे काय थोडं आहे का?"

मला विचारतंय कोण! जयंतीच्या आदल्या दिवशी गेटवर हे भलंमोठं फ्लेक्स लागलं. वर संस्थापकांचा हार घातलेला फोटो, शेजारी चिरंजीव हात जोडून, खाली प्राचार्य, आणि मधे इंटरनेटवरून उचललेलं कुठल्यातरी हिरव्या केसाळ जंतूचं चित्र. माझा जंतू गुलाबी आणि गुळगुळीत. ते राहू द्या. 'साहेबांचे नाव आता सूक्ष्मजीवांच्या विश्वात अजरामर' असं त्यावर छापलेलं. माझा उल्लेख कुठंच नव्हता, याचं त्या क्षणी मला बरंच वाटलं. जे व्हायचं तेच झालं. दुपारपर्यंत तालुक्यातल्या विरोधी गटानं त्या फ्लेक्सचा फोटो मोबाईलवर फिरवला, खाली लिहिलं, 'साहेब अखेर जंतू झाले.' संध्याकाळपर्यंत अख्खा जिल्हा हसत होता.

दुसऱ्या दिवशी मला अध्यक्षसाहेबांच्या बंगल्यावर बोलावणं. प्राचार्य माझ्या आधीच येऊन, खुर्चीच्या कडेला टेकून बसले होते. मला कुणी बसा म्हटलं नाही.

"आमच्या वडिलांचं नाव जनावराच्या उष्ट्या पाण्यातल्या किड्याला द्यायला निघालात? अक्कल आहे का बाई तुम्हाला?"

मी प्राचार्यांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की बस्स! म्हटलं, "साहेब, नाव मी सुचवलेलं नाही. ज्यांनी सुचवलं ते इथंच बसलेत. मला त्याचं नाव डोणीवरूनच ठेवायचंय, आजही." प्राचार्य खाकरले. अध्यक्षसाहेब म्हणाले, "आता यापुढं नावाचं जे काय ते समिती ठरवील. तोवर एक कागद कॉलेजच्या बाहेर जाता कामा नये."

घ्या! जंतूच्या नावाला समिती! एक मराठीचे सर, एक इतिहासाचे, एक ऑफिस सुपरिंटेंडेंट. तिघांपैकी एकानंही सूक्ष्मदर्शकाला कधी डोळा लावलेला नव्हता. पहिल्या बैठकीत कुणीतरी जिल्ह्याचं नाव द्यावं म्हणून सुचवलं. मग जुनं द्यायचं की नवं, यावर तिघं इतके पेटले की चहा गार झाला आणि बैठक तहकूब. दुसरी बैठक निवडणुकीच्या ड्युटीत बुडाली, तिसरी प्रवेशाच्या गर्दीत. मी दर सोमवारी प्राचार्यांच्या दारात उभी. "सर, नाव मागाहून ठरवा हवं तर. पण जिवंत नमुना आधी संग्रहालयात जाऊ द्या. आपल्याकडं एकच डीप फ्रीझर आहे, तोही म्हातारा. वीज गेली तर मी काय करू?"

"मॅडम, तुम्ही फार टेन्शन घेता. समितीचं होऊ द्या, सही कुठं पळून जातेय?"

मी पाया पडायची तेवढी राहिले होते. डॉक्टरांमार्फत परस्पर पाठवून द्यावं असंही मनात आलं. पण संस्थेच्या संमतीशिवाय संग्रहालय घेत नाही, हेही पक्कं ठाऊक होतं. मग मी एवढंच केलं, की काचेच्या नळ्यांवर त्याला जिवंत ठेवून त्या फ्रिजमध्ये ठेवल्या, आणि बारीक कुप्यांमध्ये ग्लिसरीन घालून डीप फ्रीझरमध्ये. प्रत्येकीवर चिठ्ठी लावली. 'डोणी' असं मराठीत लिहिलं. दर महिन्याला तपासायचे, जिवंत असायचं. ठिपके दिसले की जीव भांड्यात पडायचा. आईला सांगायचे, आहे बरं का तुझं नातवंड, ठणठणीत. ती म्हणायची, "मंग नाव का ठिवत न्हाईत भाडखाव?"

"समिती बसलीय, आई."

"बारशाला समिती? मेल्यांनी कधी पाळना बगितलाय का?" आणि मग एकदा सहज बोलून गेली, "आमच्यातबी बारसं ऱ्हायाचंच म्हना. कारखान्यावर येळ कुनाला? पट्टा पडला, गावाला आलो, की मंग नाव. तूबी आगुदर चार म्हैनं नुसती 'बारकी'च हुतीस." मी हसले आणि फोन ठेवला.

नवरात्र आलं. तुम्हाला माहीत असेलच, आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. शेतकरी औताची करतो, गॅरेजवाला पान्यांची, आणि आमच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शकाची, तराजूची, ओव्हनची. पूजेआधी सगळं घासूनपुसून लख्ख करायचं. हे काम लॅबमधल्या शिपाई मामांचं. मामा भाविक, नवरात्रात अनवाणी चालणारे. मी त्या दिवसांत विद्यापीठात पेपर तपासायला गेले होते आणि दसऱ्याची सुट्टी संपवूनच परतले.

लॅब उघडली तर धुपाचा वास. ओळीनं सगळ्या यंत्रांना हळदीकुंकू, झेंडूच्या माळा. डीप फ्रीझरच्या दारावर कुंकवाचं सुबक स्वस्तिक, हँडलला आपट्याची पानं. दार किंचित उघडं. वायर काढून वर गुंडाळून ठेवलेली. आत हात घातला. कोरडं, कोमट.

"मामा!" मी ओरडले ते खालच्या मजल्यापर्यंत गेलं असेल.

मामा लगबगीनं आले, हसऱ्या चेहऱ्यानं. "मॅडम, बघितला का फ्रीज? लई बर्फ साचला हुता, वर्सानुवर्सं कुनी हात लावला न्हवता. बंद करून वितळू दिला, मग सगळा पुसून घेतला. देवाला दावायचा तर सोच्छ पाह्यजे का न्हाई?"

"आतल्या कुप्या?"

"त्या हितं काढून ठिवल्यात की, येकबी फुटू दिली न्हाई." त्यांनी खिडकीकडे बोट केलं. दक्षिणेच्या खिडकीत, ऑक्टोबरच्या उन्हात, माझ्या सगळ्या कुप्या नीट ओळीनं मांडलेल्या. 'डोणी', 'डोणी', 'डोणी'. प्रत्येकीला कुंकवाचं बोट लावलेलं.

"आणि फ्रिजमधल्या नळ्या?"

"त्या व्हय? त्यांच्यात गुलाबी गुलाबी बुरशी धरली हुती, मॅडम. उकळून घासून उपड्या घातल्यात."

मी एकेक नळी उचलून उजेडात धरून पाहिली. सगळ्या लख्ख. मामांचा चेहरा उतरला. "त्यात काय महत्त्वाचं हुतं का?" त्यांना काय सांगणार? कुणावर ओरडायचं ते मला माहीत होतं, आणि ते शिपाई मामा नव्हते. ते वरच्या मजल्यावर, एसीच्या केबिनमध्ये होते.

मग माझी जी धावपळ झाली ती विचारू नका. प्रत्येक कुपीतला थेंब थेंब ताज्या प्लेटवर टाकला, गार जागी ठेवला आणि वाट पाहिली. रोज सकाळी वर्गाआधी बघायचे, रोज संध्याकाळी बघायचे. प्लेट कोरीच. डोळे ताणून ताणून मला नसलेले ठिपके दिसायला लागले. शेवटी एक वास येणारा पिवळा ओंगळ जंतू तेवढा उगवला. तो आपल्या हातावरसुद्धा असतो, त्याला कुणीही ओळखतं, त्याला नाव आहे.

मग पहिली एसटी पकडून निवारा केंद्र गाठलं. डोणी असेलच ना तिथं, पुन्हा टिपून आणू, त्यात काय एवढं! गेटवर पोचले आणि पाय थबकले. आत जाण्याच्या वाटेवर, उन्हात, माझी डोणी होती. तिला निळा ऑइलपेंट मारलेला, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'सुस्वागतम्', आणि आत माती भरून सदाफुली लावलेली. डॉक्टर ओशाळे झाले. मोठे पाहुणे येणार म्हणून उन्हाळ्यात सगळ्या पिंजऱ्यांना फरशी बसवली, जंतुनाशकानं धुऊन घेतलं, आपोआप पाणी येणारी स्टीलची भांडी लावली.

"आणि ती म्हातारी?"

"ती गेली, मॅडम. त्या स्टीलच्या भांड्याला तोंडच लावीना. आम्ही सलाईन लावलं, सगळं केलं. वयही झालं होतं." डॉक्टर थोडं थांबून म्हणाले, "मी सांगत होतो त्यांना, डोणी राहू द्या. आपलं ऐकतंय कोण?"

तरी मी डोणीची माती उकरली, तळ खरवडला, करंजाखालचा ओला दगडसुद्धा सोडला नाही. मिळालं ते बाटल्यांत भरून परत आले आणि पुढं कितीतरी दिवस प्लेटांवर प्लेटा लावल्या. गुलाबी काही उगवलं नाही. जगात आणखी कुठं तो असेलही, एखाद्या विहिरीच्या कपारीत, दुसऱ्या एखाद्या डोणीत. मला काही सापडला नाही.

प्राचार्यांना सांगायला गेले. खरं तर भांडायलाच गेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क सुटल्यासारखा भाव आला. "वाईट झालं, मॅडम. पण एका अर्थी बरंच झालं, वाद तरी मिटला. अध्यक्षसाहेबांच्याही डोक्याचा ताप गेला." माझे डोळे भरलेले पाहून मायेनं म्हणाले, "अहो, मनाला काय लावून घेता? अजून नाव कुठं पडलं होतं? म्हणजे तसं पाहिलं तर काही गेलेलंच नाही."

मी केबिनचं दार जोरात आपटून बाहेर आले. काच तडकली. काचेच्या दुरुस्तीसाठी मात्र समिती बसली नाही, दुसऱ्या दिवशी बदलली.

दिवाळीला गावी गेले. भाऊ-भावजयीची कारखान्यावर जायची तयारी चालली होती. अंगणात ट्रॅक्टर उभा, त्यात पेट्या, पीठ, कोंबड्यांची खुराडी चढत होती. भावजयीला दिवस गेलेले, तरी ती निघाली होती. आई ओट्यावर सूप घेऊन बाजरी पाखडत बसली होती. मी शेजारी टेकले. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही, सवयीनं विचारलं,

"झालं का गं बारसं?"

"नाही, आई. मेलं ते."

मला वाटलं, ती हसेल. एखादी शिवी घालेल समितीला. तिचे हात थांबले.

"कशानं?"

"उन्हानं. ठेवायच्या जागी ठेवू दिलं नाही वेळेवर. नाव ठरेना म्हणून अडवून धरलं." आणि मग माझा बांध फुटला. चाळिशीची बाई मी, आईच्या ओट्यावर पोरीसारखी हमसून हमसून रडले. "आणि तो मला म्हणतो, आई, अजून नाव कुठं पडलं होतं, म्हणजे काही गेलेलंच नाही म्हणून!"

आईनं सूप खाली ठेवलं. मग अगदी हळू, ट्रॅक्टरपाशी उभ्या सुनेला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली,

"मुकादमबी आसंच म्हनला हुता."

"कोण मुकादम?"

"आमच्या टोळीचा. तुझ्या आदीचा हुता न्हवं, पोरगा. थंडीत झाला, कोपीत. पट्टा पडल्यावर बारसं घालू म्हनलं. पट्टा पडायच्या आदीच तापानं गेला. उसाच्या बांधाला पुरला आनि मी तितंच बसून ऱ्हायले. तर मुकादम म्हनतो, ऊठ बाई, फड पडून ऱ्हायलाय, आजून नाव कुटं पडलं हुतं त्येचं? आसं समज, काय झालंच न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आनि समदी व्हय म्हनली. तुझा बापबी. कुनी परत त्येचं नाव काडलं न्हाई. काडनार कसं? नाव हुतं कुटं?"

तिनं एकदम माझ्याकडं तोंड वळवलं, आणि तिच्या आवाजात इतक्या वर्षांची आग होती.

"नाव न्हवतं, तर नऊ म्हैनं मी पोटात काय वागवलं गं?"

ट्रॅक्टर सुरू झाला. भावजय वर चढताना अवघडली, म्हणून मी धावत जाऊन तिला हात दिला, आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "मूल झालं की लगेच नाव ठेव. पट्टा पडायची वाट बघू नको." ती लाजून हसली. तिला वाटलं, मी चेष्टाच करतेय.